लेखकाच्या नावाची चौकट: संदर्भ-सॉफ्टवेअरमधल्या एका बारीक अडचणीची पार्श्वभूमी

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना १९६० साली झाली आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष होते. मंडळाच्या ज्या प्रकाशनावर व्यक्तीचे नाव नसते, तिथे संदर्भसूचीत मंडळालाच लेखक मानावे लागते. प्रबंध इंग्रजीत असेल, तर सूचीत ‘महाराष्ट्र स्टेट बोर्ड फॉर लिटरेचर अँड कल्चर’ असे नाव रोमन लिपीत जाते. एवढी साधी नोंद करण्यासाठी झोटेरो या संदर्भ साठवून सूची तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लेखकाच्या रकान्याशेजारचे बारीक बटण दाबून ‘आडनाव’ आणि ‘नाव’ या दोन चौकटींची एक चौकट करावी लागते. एंडनोट या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नावाच्या शेवटी एक स्वल्पविराम द्यावा लागतो, आणि बिबटेक या सूची तयार करणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये संपूर्ण नाव महिरपी कंसांच्या जादा जोडीत बसवावे लागते. नाव एकच असताना युक्त्या तीन आहेत, आणि कुठली युक्ती कुठे लागते हे पडद्यावर कुठेही लिहिलेले नसते.

अशा अडचणींकडे सहसा मांडणीतील निष्काळजीपणा म्हणून पाहिले जाते. त्यांचा माग काढत गेल्यावर मात्र त्या पडद्याच्या मांडणीत क्वचितच सापडतात. पडद्याखाली नोंद ज्या स्वरूपात साठवली जाते आणि एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेली जाते, त्या स्वरूपात त्या मुरलेल्या असतात. त्यांतली बरीच स्वरूपे आजच्या वापरकर्त्यांपैकी अनेकांच्या जन्माआधी ठरलेली आहेत.

बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेतील माइक लेस्क यांनी १९७८ च्या सुमारास युनिक्स या संगणक-प्रणालीसाठी ‘रेफर’ हा संदर्भसूचीचा प्रोग्रॅम तयार केला. त्यात प्रत्येक माहितीची स्वतंत्र ओळ असे आणि ओळीच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह व एक अक्षर असे. ‘ए’ म्हणजे लेखक, ‘टी’ म्हणजे शीर्षक, ‘डी’ म्हणजे दिनांक. लेखक जितके, तितक्या ‘ए’ च्या ओळी. लेखक व्यक्ती आहे की संस्था, हे सांगायला त्यात जागा नव्हती, आणि प्रयोगशाळेतील शोधनिबंधांच्या सूचीपुरते पाहिले तर ती लागतही नव्हती. एंडनोटची आयात-फाइल आजही याच टक्क्याच्या चिन्हांनी लिहिलेली असते.

बिबटेकची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि ती सावकाश पाहण्यासारखी आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या लेटेक या अक्षरजुळणी-प्रणालीच्या जोडीला ओरेन पताश्निक यांनी १९८५ मध्ये बिबटेक लिहिला. ग्रंथ, लेख, प्रबंध अशा नोंदींच्या प्रकारांसाठी त्यांनी ब्रायन रीड यांच्या ‘स्क्राइब’ या आधीच्या प्रणालीचा आधार घेतला. लेखकांची नावे मात्र सगळी एकाच ओळीत आली आणि दोन नावांच्या मध्ये ‘अँड’ हा इंग्रजी शब्द ठेवायचे ठरले. प्रत्येक नावाचे तुकडे करण्याचा नियमही ठरला: शेवटचा शब्द आडनाव, आधीचे शब्द नाव, आणि मध्ये लहान लिपीतले (इंग्रजी ‘स्मॉल’) अक्षर घेऊन सुरू होणारा शब्द आला तर तो जर्मन ‘फॉन’ सारखा आडनावाआधीचा उपसर्ग. युरोपीय नावांसाठी हा नियम विचारपूर्वक केलेला होता आणि बहुतेक ठिकाणी तो चोख चालतो.

हा नियम मंडळाच्या नावाला लावला की ‘अँड’ पाशी नावाचे दोन भाग होतात आणि एका संस्थेचे दोन लेखक तयार होतात. दुसऱ्या लेखकाचे नाव ‘कल्चर’ एवढेच राहते. पहिल्या लेखकातला ‘फॉर’ लहान लिपीत असल्यामुळे उपसर्ग ठरतो, ‘लिटरेचर’ आडनाव ठरते आणि ‘महाराष्ट्र स्टेट बोर्ड’ हे त्या गृहस्थाचे नाव ठरते. बिबटेकच्या ‘प्लेन’ या सूची छापण्याच्या मूळ शैलीत नावे सरळ क्रमाने छापली जातात आणि शेवटच्या लेखकाआधी ‘अँड’ येतो, म्हणून छापून आलेले नाव अगदी बरोबर दिसते. सूचीत ते ‘एम’ ऐवजी ‘एफ’ अक्षराखाली बसलेले असते आणि कोणी मुद्दाम शोधल्याशिवाय ही चूक लक्षात येत नाही. लेखक-वर्ष पद्धतीच्या शैलीत तेच नाव ‘फॉर लिटरेचर अँड कल्चर’ असे उमटते आणि तेव्हा कुठे काहीतरी बिनसल्याचे कळते. जादा महिरपी कंस घातले की बिबटेक त्या मजकुराचे तुकडे करत नाही. मात्र ही सोय आधी ठाऊक असावी लागते. बिबटेकची ०.९९ ही आवृत्ती १९८८ मध्ये आली, आणि त्यानंतर त्याचे वर्तन मुद्दामच जवळजवळ जसेच्या तसे ठेवले गेले, कारण जगभरातील नियतकालिकांच्या शैली-फाइली त्याच वर्तनावर उभ्या होत्या.

उपसर्गाच्या याच नियमाचा गोव्याशी आणि मुंबईशी थेट संबंध येतो. मुंबईच्या इतिहासावर लिहिणारे गोमंतकीय विद्वान जोझे जेर्सन दा कुन्हा यांचे नाव ‘डी’ खाली शोधायचे की ‘सी’ खाली, हा प्रश्न ग्रंथपालांपुढे पूर्वीपासून होता. संगणकाने तो सोडवला नाही. ‘दा’ लहान लिपीत लिहिला की उपसर्ग आणि मोठ्या लिपीत लिहिला की नावाचा भाग, असा निवाडा तो करतो, आणि त्यामुळे एकाच माणसाची पुस्तके एकाच सूचीत दोन ठिकाणी विखुरलेली दिसू शकतात.

वैयक्तिक संगणकावरच्या सॉफ्टवेअरची परंपरा वेगळ्या वाटेने आली. वैद्यकीय संशोधक अर्नेस्ट ब्यूटलर आणि त्यांचे पुत्र अर्ल ब्यूटलर यांनी उभ्या केलेल्या ‘रिसर्च इन्फॉर्मेशन सिस्टिम्स’ या कंपनीचे ‘रेफरन्स मॅनेजर’ १९८० च्या दशकात आले. कंपनीच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेले आरआयएस हे नोंदींचे स्वरूप आज त्या सॉफ्टवेअरची विक्री थांबून काही वर्षे झाली तरी बहुतेक प्रकाशकांच्या संकेतस्थळांवरून उतरवता येते. दोन अक्षरी खूण, दोन मोकळ्या जागा, एक आडवी रेघ, पुन्हा एक मोकळी जागा, असा त्याच्या ओळीचा आरंभ असतो. लेखकाच्या ओळीत आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव. व्यक्तीचे नाव कुठे तोडायचे हे त्या एका स्वल्पविरामावरून कळते आणि संस्थेसाठी निराळी खूण नाही. एंडनोटमध्ये संस्थेच्या नावाअखेर स्वल्पविराम द्यावा लागतो, त्यामागे हाच तर्क आहे: स्वल्पविरामाआधीचे सगळे आडनाव, नंतर काही नाही, म्हणजे तोडण्यासारखे काही उरत नाही. एंडनोटमध्ये नव्याने टाकलेले नाव लाल अक्षरांत दिसते तेव्हा नवा वापरकर्ता आपले काहीतरी चुकले असे समजून स्वल्पविराम काढून टाकण्याची शक्यता असते. त्या लाल रंगाचा अर्थ एवढाच की हे नाव लेखकांच्या यादीत अजून नोंदलेले नाही.

या सगळ्यात मला सर्वांत खटकणारी गोष्ट ही, की ग्रंथालयांनी हा प्रश्न त्याआधीच सोडवला होता. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अ‍ॅव्रम यांच्या नेतृत्वाखाली १९६० च्या दशकात मार्क हे यंत्रवाचनीय नोंदीचे स्वरूप तयार झाले. त्यात मुख्य नोंदीचे व्यक्तिनाम १०० क्रमांकाच्या रकान्यात, संस्थेचे नाव ११० मध्ये आणि परिषदेचे नाव १११ मध्ये जाते. संस्था आणि व्यक्ती यांतला फरक तिथे नोंदीच्या रचनेतच आहे, विरामचिन्हांच्या युक्तीत नाही. संशोधकांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे बहुतेक जण स्वतः विज्ञानाचे किंवा संगणकाचे अभ्यासक होते, त्यांच्या सूचीत शोधनिबंध असत आणि शोधनिबंधांना माणसे लेखक असतात. मंडळे, समित्या, दर्शनिका विभाग, साहित्य संमेलने यांची प्रकाशने ज्यांच्या सूचीचा कणा असतात, ते इतिहासाचे आणि साहित्याचे अभ्यासक त्या टेबलाभोवती नव्हते, असे माझे मत आहे.

२००६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्राने झोटेरो प्रसिद्ध केला, तेव्हा इतिहासाचे अभ्यासक प्रथमच निर्णयाच्या जागी आले. तेव्हा तो फायरफॉक्स ब्राउझरला जोडलेला होता. नावासाठी दोन चौकटींचा आणि एका चौकटीचा असे दोन पर्याय त्यात आहेत, आणि ग्रंथालयाच्या सूचीतून थेट घेतलेली संस्थेची नोंद बहुधा आपोआप एका चौकटीत येते. ज्या बटणाबद्दल लोक कुरकुरतात ते बटण म्हणजे खरे तर ११० क्रमांकाचा रकाना आहे; त्यावर तसे लिहिलेले नाही, एवढेच. भूगोलाचे प्राध्यापक ब्रूस डार्कस यांनी सुरू केलेल्या सीएसएल या सूचीच्या शैली लिहिण्याच्या भाषेची १.० आवृत्ती २०१० मध्ये आली. तिच्या नोंद-स्वरूपात आडनाव आणि नाव यांशिवाय ‘न तोडता जसेच्या तसे’ अशा नावासाठीही स्वतंत्र जागा आहे.

शीर्षकातल्या मोठ्या-लहान अक्षरांचा त्रास याच जातीचा आहे. एपीए या संदर्भ देण्याच्या शैलीत लेखाच्या शीर्षकाचा व उपशीर्षकाचा पहिला शब्द आणि विशेषनामे सोडून सगळे लहान लिपीत असते, तर शिकागो आणि एमएलए शैलींत महत्त्वाचा प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो. लहानाचे मोठे करणे यंत्राला सहज जमते. मोठ्याचे लहान करताना कुठला शब्द विशेषनाम आहे हे त्याला कळत नाही, म्हणून झोटेरोमध्ये शीर्षके वाक्यासारखी साठवण्याचा सल्ला दिला जातो. रोमन लिपीत लिहिलेले मराठी शीर्षक शिकागो शैलीत गेले की त्याचा प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो, कारण भाषेचा रकाना रिकामा असेल तर शीर्षक इंग्रजी समजले जाते. त्या रकान्यात मराठीचे ‘एमआर’ हे दोन अक्षरी चिन्ह भरले की हे थांबते. रकाना पडद्यावर बराच खाली असल्यामुळे तो भरायचा राहून जातो.

देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, म्हणून हा एक त्रास वाचतो. दुसरे दोन मात्र वाट्याला येतात. पहिला आद्याक्षरांचा. इतिहासकार त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचे नाव मराठीत ‘त्र्यं. शं. शेजवलकर’ असे आखडले जाते. ‘त्र्यं’ हे आपल्याला एक अक्षर वाटते, पण युनिकोड या संगणकाच्या अक्षर-मानकात ती त, हलन्त, र, हलन्त, य आणि अनुस्वार अशी सहा चिन्हे आहेत. पहिले चिन्ह म्हणजे आद्याक्षर असे मानणारे सॉफ्टवेअर ‘त. श. शेजवलकर’ असे छापेल. मूळ बिबटेक एकेक बाइट मोजतो आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटांचे असते, त्यामुळे तिथे चिन्हाचाच तुकडा पडतो. नंतर आलेला, बिबटेकच्या जागी वापरता येणारा बिबर हा प्रोग्रॅम युनिकोड समजतो.

दुसरा त्रास क्रमाचा. युनिकोडमधला देवनागरीचा क्रम भारतीय लिप्यांसाठी केलेल्या १९८८ च्या इस्की मानकावरून घेतला आहे आणि त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर, व च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर आहे. चिन्हांच्या क्रमांकांवरून सूची लावली की ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’ च्या आधी येते, आणि ‘क्षीरसागर’ वर्णमालेच्या अखेरीस न जाता ‘कोसंबी’ आणि ‘खांडेकर’ यांच्या मध्ये बसते. सूचीचा क्रम भाषेनुसार लावण्याची सोय असलेल्या सॉफ्टवेअरमध्येही भाषा मराठी आहे हे कोणीतरी सांगावे लागते. जपानमधील नागोया विद्यापीठाचे फ्रँक बेनेट यांनी सीएसएलच्या शैलींनुसार सूची घडवणारा सिटप्रोक-जेएस हा प्रोग्रॅम लिहिला, आणि एकाच नोंदीत मूळ लिपीतले शीर्षक, त्याचे लिप्यंतर आणि त्याचा अनुवाद ठेवता यावा म्हणून झोटेरोवरून ज्यूरिस-एम हे सॉफ्टवेअर तयार केले. बहुलिपी संदर्भसूचीचा इतका गांभीर्याने केलेला दुसरा प्रयत्न माझ्या पाहण्यात नाही.

झोटेरो २०१७ मध्ये ब्राउझरपासून पूर्ण वेगळा झाला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये सातव्या आवृत्तीने त्याचा चेहरामोहरा बदलला. गडद रंगसंगती आली आणि नोंदीच्या रकान्यांचे मिटता येणारे विभाग झाले. नावाशेजारचे बटण मात्र राहिले. मंडळाची एक चौकटीत बसवलेली नोंद त्या नव्या खिडकीतून बिबटेकसाठी निर्यात केली, तर बाहेर पडणाऱ्या फाइलमध्ये नावाभोवती महिरपी कंसांच्या दोन जोड्या असतात.