स्नो व्हाइट नुसती ‘गिरवलेली’ नाही

डिस्नेच्या 1937 सालच्या ‘स्नो व्हाइट’ या कार्टून सिनेमाबद्दल एक समज घट्ट बसलाय: खऱ्या नर्तकीचं चित्रीकरण केलं, त्यावर कागद ठेवून गिरवलं, झाला सिनेमा! अर्धंच खरं आहे हे.

चित्रीकरण झालं होतं. मार्ज बेल्चर (पुढे मार्ज चॅम्पियन) ही तरुण नर्तकी कॅमेऱ्यासमोर चालली, नाचली. त्या फिल्मच्या चौकटी कागदावर छापून चित्रकारांच्या टेबलावर येत. काही ठिकाणी त्या बऱ्याच जवळून गिरवल्याही गेल्या. पण स्नो व्हाइटचं डोकं शरीराच्या मानाने मोठं, डोळे टपोरे. माणसाची बाह्यरेषा तिला जशीच्या तशी बसणार कशी? शिवाय नुसतं गिरवलेलं चित्र पडद्यावर निर्जीव, तरंगल्यासारखं दिसतं. म्हणून हॅम लस्क, ग्रिम नॅटविक यांच्यासारख्या चित्रकारांनी फिल्ममधून हालचालीची वेळ टिपली, शरीराचं वजन समजून घेतलं आणि आकृती नव्याने काढली. सात बुटक्यांपैकी ग्रम्पीचा तिरसटपणा तर चित्रकार बिल टायट्लाच्या पेन्सिलीतलाच.

गिरवण्याचं यंत्र, रोटोस्कोप, हे कार्टूनपट बनवणाऱ्या मॅक्स फ्लायशरचं. पेटंट 1917 चं. त्याआधीच, 1914 मध्ये, व्यंगचित्रकार विन्सर मॅकेने हजारो चित्रं हाताने काढून ‘गर्टी’ ही डायनासोर चालवली होती. तिच्यासाठी मॉडेल कुठून आणणार होते, कोण जाणे!