डुकरांमध्ये साथ आली तर: खबर, पंचनामा आणि भरपाई (गोव्यातल्या पाळणाऱ्यांसाठी)

नुकसानभरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या डुकराची. पथक येण्याआधीच रोगाने मेलेल्या डुकराची मिळत नाही. आफ्रिकन स्वाइन फीव्हर, म्हणजे डुकरांचा विषाणूजन्य ताप, त्याच्या बाबतीत सगळे अर्ज आणि सगळी कागदपत्रं या एका नियमाभोवती फिरतात. तरीही आपल्याकडे पहिलं डुक्कर आजारी पडलं की लोक गप्प बसतात, "बघूया दोन दिवस" म्हणतात, आणि त्या दोन दिवसांत अर्धा कळप जातो. म्हणून आधी खबर कशी द्यायची ते सांगतो, बाकीचं नंतर.

हा ताप भारतात पहिल्यांदा सापडला तो 2020 मध्ये, आसाम आणि अरुणाचल प्रदेशात. 2022 च्या जुलैत तो केरळातल्या वायनाडमध्ये पोचला. 2023 च्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या मुदुमलाई व्याघ्र प्रकल्पात रानडुकरं मेली, तीही याच तापाने. सह्याद्रीचं रान सलग आहे, आणि सत्तरी, सांगे, काणकोणच्या वस्त्या त्या रानाला लागून आहेत. या रोगावर औषध नाही. आपल्या देशात वापरायला मंजूर झालेली लसही नाही. लागण झालेल्या कळपात जवळजवळ सगळी जनावरं दगावू शकतात. माणसाला मात्र तो होत नाही, त्यामुळे घरातल्या लेकरांची त्या बाबतीत काळजी नको.

लक्षणं अशी: 40 ते 42 अंश ताप, खाणं बंद, कानांच्या टोकांवर आणि पोटाखाली लालसर-निळसर डाग, कधी रक्ताची हगवण, गाभण मादीचा गर्भपात. क्लासिकल स्वाइन फीव्हर या डुकरांच्याच दुसऱ्या तापातही हुबेहूब हेच दिसतं. डोळ्यांनी दोन्हींतला फरक अनुभवी डॉक्टरलाही सांगता येत नाही, तो प्रयोगशाळाच सांगते. त्यामुळे "हा साधा ताप आहे, मी बघितलाय" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

खबर द्यायची ती लेखी

2009 चा केंद्रीय कायदा आहे: प्राण्यांमधील संसर्गजन्य व सांसर्गिक रोग प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम. त्याच्या परिशिष्टात डुकरांचे हे दोन्ही ताप आहेत. कलम 4 नुसार असा रोग झाल्याचा संशय आला की जनावराच्या मालकाने ते गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवायचं असतं, आणि तिथून ते लेखी जवळच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडे जातं. संशय पुरेसा आहे, खात्री लागत नाही. ही जबाबदारी एकट्या मालकाची नाही. जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याचीही आहे. म्हणजे शेड तुमची आणि डुकरं दुसऱ्याची असली, तरी कळवायचं तुम्ही.

व्यवहारात मी सांगेन ते असं. आधी तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा, म्हणजे वेळ जात नाही. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी देशभर 1962 हा क्रमांक ठरलेला आहे. मग त्याच दिवशी पंचायत सचिवाच्या नावे साधा अर्ज लिहा, प्रत तलाठी आणि दवाखान्याला. मजकूर एवढाच पुरे:

"माझ्या मालकीची एकूण अकरा डुकरं (तीन माद्या, एक नर, सात पिल्ले) घरामागच्या शेडमध्ये आहेत. दिनांक ... पासून दोन माद्यांना ताप असून त्यांनी खाणं सोडलं आहे. कानांवर व पोटाखाली लालसर डाग दिसतात. आज सकाळी एक पिल्लू मेलं. संसर्गजन्य रोगाचा संशय असल्याने 2009 च्या अधिनियमाच्या कलम 4 नुसार ही खबर देत आहे. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी तातडीने पाहणी करावी, ही विनंती."

दोन प्रती न्या. एक तिथे द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊन घरी ठेवा. एकूण किती डुकरं जिवंत होती हा आकडा अर्जात आलाच पाहिजे. पुढे पंचनाम्यात "एवढी होती कशावरून?" असा प्रश्न आला, तर हाच शिक्का मारलेला कागद दाखवता येतो.

संशय आल्यापासूनच कायद्याने तुमच्यावर आणखी काही बंधनं येतात. आजारी जनावर वेगळं ठेवायचं, कळप मोकळा सोडायचा नाही, काही विकायचं नाही, कापायचं नाही. मेलेलं पिल्लू नाल्यात किंवा नदीत टाकणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्याला वेगळी शिक्षा आहे. पिल्लू तिथेच झाकून ठेवा, कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका, आणि डॉक्टर येईपर्यंत पोट फाडून बघायच्या भानगडीत पडू नका. या तापात रक्तातच सगळ्यात जास्त विषाणू असतो.

डॉक्टर आल्यावर

पशुसंवर्धन आणि पशुवैद्यकीय सेवा संचालनालयाचे अधिकारी रक्ताचे नमुने घेतात, मेलेल्या जनावराच्या प्लीहेचे आणि लसिका ग्रंथींचेही. निदानासाठी नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात. अहवाल येईपर्यंतचे दिवस फार कठीण असतात. शेडबाहेर चुना टाकायचा, शेडचे बूट वेगळे ठेवायचे, आणि शेजारच्या पाळणाऱ्याकडे जायचं नाही, त्यालाही आपल्याकडे येऊ द्यायचं नाही. गावात हे अवघड जातं, मला माहीत आहे. पण हा ताप एका शेडमधून दुसरीकडे बहुतेक वेळा माणसाच्या पायानेच जातो.

अहवालात लागण निघाली की 2020 च्या राष्ट्रीय कृती आराखड्याप्रमाणे शेडपासून 1 किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र होतो आणि 10 किलोमीटरचा निगराणी क्षेत्र. बाधित क्षेत्रातली सगळी डुकरं मारली जातात, निरोगी दिसणारीही. निगराणी क्षेत्रात ने-आण आणि विक्री बंद. गोव्यात याचा अर्थ काय ते नकाशावर बघा. 10 किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे 314 चौरस किलोमीटर. मडगाव मध्यभागी धरलं तर जवळपास अख्खा सासष्टी तालुका त्यात येतो. एका शेडमध्ये लपवलेल्या आजाराची किंमत वाड्यावाड्यांवरच्या घरांनी मोजावी लागते ती अशी. त्या 1 किलोमीटरमध्ये एखाद्या बाईची दोनच डुकरं असतील, ती बरी असतील, तरी जातील.

भरपाईला पात्र कोण

ज्याची डुकरं सरकारी आदेशाने मारली गेली तो मालक. कळप लहान की मोठा, जात देशी की यॉर्कशायर, याने पात्रता ठरत नाही. परसात दोन डुकरं पाळणारी बाईही पात्र आहे. रस्त्यावर मोकाट फिरणाऱ्या डुकरांचा मालक म्हणून ऐनवेळी उभं राहता येत नाही, मालकी दाखवावी लागते.

दर वजनाच्या टप्प्यांवर आहेत. केंद्राच्या ज्या दरांनी 2022 मध्ये केरळात पैसे दिले गेले ते असे: 15 किलोपर्यंत 2,200 रुपये, 15 ते 40 किलो 5,800, 40 ते 70 किलो 8,400, 70 ते 100 किलो 12,000 आणि 100 किलोच्या वर 15,000. नाताळच्या तोंडावर मोठ्या डुकराला बाजारात मिळतं तेवढं हे नाही. हे उघड बोललं पाहिजे, कारण दर कमी आहे म्हणूनच लोक आजारी जनावर घाईने कापणाऱ्याला देऊन टाकतात. पण मेलेल्याचे शून्य आणि मारलेल्याचे 12,000, ही निवड शेवटी पाळणाऱ्यापुढे उरते.

टप्पा वजनावर ठरतो, तेव्हा वजन तुम्हाला स्वतःला माहीत हवं. शेडमध्ये काटा नसेल तर शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा. मग दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीवरून लांबी मोजा. दोन्ही मापं मीटरमध्ये लिहा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले 69.3 म्हणजे अंदाजे वजन किलोमध्ये. घेर 1 मीटर आणि लांबी 1.10 मीटर असेल तर 76 किलो येतं, म्हणजे 70 ते 100 चा टप्पा. महिन्यातून एकदा वहीत लिहून ठेवलं, की पंचनाम्याच्या वेळी वाद घालायची पाळी येत नाही.

पंचनामा हाच भरपाईचा पाया आहे. मारण्याआधी संख्या, वय, वजनाचा टप्पा आणि टॅगचे क्रमांक त्यात लिहिले जातात आणि तुमची सही घेतली जाते. वाचल्याशिवाय सही करू नका, आणि प्रत मागून घ्या. त्याच दिवशी मोबाइलमध्ये प्रत्येक डुकराचा फोटो काढून ठेवा, कानातला टॅग दिसेल असा.

हाताशी ठेवायची कागदं: आधार कार्ड, स्वतःच्या नावाच्या बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, खबरीच्या अर्जाची शिक्का असलेली प्रत, पंचनाम्याची प्रत, लसीकरणाच्या नोंदी, डुकरं किंवा पिल्ले विकत घेतल्याची पावती. शेडची जागा दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्र, आणि डुकरं तुमची असल्याचा पंचायतीचा दाखला. खातं नवऱ्याच्या नावावर आणि डुकरं बायको सांभाळते, असं घरोघरी असतं. अर्ज आणि खातं एकाच नावावर ठेवा, म्हणजे पैसे अडकत नाहीत.

साथ येण्याआधी करून ठेवायची कामं

कानात बारा अंकी टॅग मारून घ्या. दवाखान्यात सांगितलं की भारत पशुधन या जनावरांच्या सरकारी नोंदणी प्रणालीत नोंद होते. क्लासिकल स्वाइन फीव्हरची लस आहे आणि केंद्राच्या पशुआरोग्य व रोग नियंत्रण कार्यक्रमात ती येते. लाळ्या-खुरकुताची लसही टोचून घ्या. क्लासिकलची लस आफ्रिकन तापाला चालत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. लस टोचली म्हणून निर्धास्त झालेले लोक मी पाहिले आहेत.

नवी पिल्ले शक्यतो ओळखीच्या ठिकाणाहून आणा: फोंड्याजवळ कुर्टीला सरकारी वराहपालन केंद्र आहे, आणि जुन्या गोव्यात एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. आपल्या देशी डुकराला 'आगोंदा गोवन' या नावाने राष्ट्रीय पातळीवर जात म्हणून मान्यता मिळाली आहे. एक मोठी साथ आली तर ही जात किती उरेल, याची मला खरोखर भीती वाटते. बाहेरच्या राज्यातून गाडी येणार असेल तर सोबत पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र हवं: जनावरं प्रवासाला योग्य आहेत आणि त्यांना संसर्गजन्य रोग नाही, असं लिहिलेलं. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव गाडीच्या कागदांवर असलं पाहिजे. राज्याच्या सीमेवरच्या पोळे किंवा मोलेच्या बाजूने रात्री आलेली बिनकागदाची स्वस्त पिल्ले घेऊ नका. घेतली असतील तर निदान तीन आठवडे वेगळी ठेवा. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला 4 ते 19 दिवस लागू शकतात.

आता गोव्याचा खरा धोका. आपल्याकडे डुकरं हॉटेलांच्या खरकट्यावर पोसली जातात. त्यात पोर्कचे तुकडे असतात, कुठून कुठून आलेले. हा विषाणू गोठवलेल्या मांसात वर्षानुवर्षं टिकतो, खारवलेल्या आणि धुरावलेल्या मांसात कित्येक महिने. खरकटं द्यायचंच असेल तर 90 अंशांवर किमान एक तास, सतत ढवळत उकळायला हवं. नुसती वाफ येईपर्यंत गरम करून भागत नाही. आणि कच्चं खरकटं आणणारं पिंप शिजवलेल्यासाठी वापरायचं नाही.

रानडुक्कर मेलेलं दिसलं तर

हात लावू नका. ठिकाण लक्षात ठेवा, फोटो काढा आणि वन खात्याच्या परिक्षेत्र अधिकाऱ्याला कळवा, पशुवैद्यकीय दवाखान्यालाही. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव अभयारण्यांच्या कडेच्या गावांत एकाच आठवड्यात दोन-तीन रानडुकरं मेलेली सापडली, तर ती सगळ्यात महत्त्वाची खबर आहे. रानातल्या मृत्यूची खबर वेळेवर आली तर गावातले कळप आधीच बंदिस्त करता येतात. उलटही तेवढंच खरं आहे. पाळीव डुक्कर मेल्यावर रानाच्या कडेला फेकलं, तर रानडुकरं ते खातात आणि ताप जंगलात शिरतो. तिथून तो काढायला शेड धुऊन भागत नाही. डॉक्टरांनी पाहून झालं की मेलेलं जनावर खोल खड्ड्यात, चुना घालून, विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब पुरा. खाजन जमिनीत पाणी वरच लागतं, तिथे जागा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पिकाची नासधूस होते म्हणून रानडुकराला परस्पर मारता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये 2022 च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची 2 मध्ये आहे. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासकट मालमत्तेला धोका असेल, किंवा जनावर बरं न होणाऱ्या रोगाने ग्रासलेलं असेल, तर कलम 11 नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नमूद करून लेखी आदेश देऊ शकतो. अर्ज परिक्षेत्र कार्यालयात करायचा. सोबत सात-बारा सदृश नमुना 1-14 चा उतारा, नुकसानीचे फोटो आणि पंचायतीचा दाखला जोडला की काम सोपं होतं. आदेशाने मारलेलं रानडुक्कर सरकारच्या मालकीचं असतं, त्याचं मांस गावात वाटायचं नाही आणि घरीही आणायचं नाही.