उंट : शब्दाचे अर्थ आणि वापर

उंट हा शब्द मराठीत मुख्यतः वाळवंटी प्रदेशातील स्वारीचा, ओझ्याचा आणि दुधाचा प्राणी दर्शवतो. त्याखेरीज बुद्धिबळातील एक मोहरा, पिकावरील एक अळी, माळरानावरची एक काटेरी वनस्पती आणि काही बोचरे वाक्प्रचार यांतही तो आढळतो. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत उंट पाळण्याची परंपरा नाही. येथील धनगरांचे बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवरून हलते, शेतमाल बैलगाडीतून व पुढे ट्रॅक्टरमधून जाऊ लागला, आणि उंट दिसलाच तर जत्रेत मुलांना फेरी मारून आणण्यापुरता. प्राणी नसलेल्या मुलखात त्याचे नाव कोणकोणत्या वाटांनी रुजते, हे पाहण्यास हा भाग म्हणूनच सोयीचा आहे.

प्राण्याच्या दोन पाळीव जाती आहेत : एका मदारीचा (म्हणजे पाठीवरच्या एका उंचवट्याचा) अरबी उंट आणि दोन मदारींचा बॅक्ट्रियन उंट. दुसरा भारतात लडाखच्या नुब्रा खोऱ्यात आढळतो. मदारीत पाणी साठवलेले असते ही समजूत चुकीची असून तेथे चरबी असते. पाण्याची काटकसर मूत्रपिंडे, कोरडी विष्ठा आणि दिवसभरात अनेक अंशांनी वरखाली होऊ शकणारे शरीराचे तापमान यांमुळे साधते. तहानलेला उंट थोड्याच मिनिटांत शंभर लिटरपर्यंत पाणी पिऊ शकतो आणि त्याच्या रक्तातील लंबगोल तांबड्या पेशी हा एकाएकी आलेला भार सोसतात. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे अडीच लाख उंट होते व त्यांतील बहुसंख्य राजस्थानात होते. २०१२ च्या गणनेत हीच संख्या सुमारे चार लाख होती.

उंट हे संस्कृत ‘उष्ट्र’ या शब्दाचे प्राकृतमार्गे आलेले रूप होय. फारसीतील ‘शुतुर’ त्याच कुळातला असून इराणी धर्मसंस्थापक जरथुष्ट्र याच्या नावातही हाच शब्द दडलेला आहे, असे अभ्यासक मानतात. इंग्रजी ‘कॅमल’ मात्र वेगळ्या वाटेने, सेमिटिक भाषांतून ग्रीक व लॅटिनमार्गे आला. संस्कृतात ‘क्रमेलक’ असा आणखी एक शब्द आहे आणि तो ग्रीक रूपावरून घेतलेला दिसतो. म्हणजे दोन्ही वाटा संस्कृत कोशात एकत्र येतात. मराठीत मादीला उंटीण म्हणतात, पण स्वारीच्या वेगवान मादीला सांडणी हा खास शब्द आहे.

सांडणी हा शब्द साताऱ्याला इतिहासाने परिचित करून दिला. शिवकालीन राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांत, म्हणजे सरकारी खात्यांत, उष्ट्रखान्याची (उंटांच्या खात्याची) गणना होते. १७०८ मध्ये साताऱ्यात शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक झाल्यानंतर हे गाव मराठी राज्याची राजधानी बनले आणि दूरवर पसरलेल्या फौजांशी चालणारा पत्रव्यवहार जासूद व सांडणीस्वार यांच्यावर अवलंबून राहिला. तातडीचे पत्र घेऊन सांडणीस्वार निघाला, असे उल्लेख त्या काळाच्या वर्णनांत वारंवार येतात. उंटाच्या पाठीवर बसवलेल्या फिरत्या लहान तोफेला शुतरनाळ किंवा जंबुरका म्हणत. १७६१ च्या पानिपतच्या युद्धात अफगाण सैन्याने अशा तोफा मोठ्या प्रमाणावर वापरल्या. जड तोफखाना एका जागी अडकून पडतो आणि ही तोफ मात्र फौजेबरोबर सरकते, हा तिचा निर्णायक फायदा होता.

वाक्प्रचारांत उंटाची प्रतिष्ठा फारशी राहिलेली नाही. ‘उंटावरचा शहाणा’ म्हणजे स्वतः खाली न उतरता इतरांना नुकसानकारक सल्ला देणारा माणूस. यामागची लोककथा सर्वपरिचित आहे : रांजणात जनावराचे डोके अडकते, सल्ला देणाऱ्याचा उंट आत यावा म्हणून भिंत पाडली जाते, शहाण्याच्या सांगण्यावरून जनावराची मान कापली जाते आणि शेवटी रांजणही फोडावा लागतो. ‘उंटावरून शेळ्या हाकणे’ हा याचाच जवळचा वाक्प्रचार असला तरी दोहोंत फरक आहे व तो लेखनात बऱ्याचदा पाळला जात नाही. पहिल्यात अक्कल चुकीची असते. दुसऱ्यात अक्कल कदाचित ठीक असेल, पण काम दुरून, अंग न झिजवता उरकण्याची वृत्ती असते. आटपाडी-माणच्या बाजूला, जेथे शेळ्या रोज हाकल्या जातात, तेथे या वाक्प्रचारातील थट्टा समजावून सांगावी लागत नाही. ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ हा परस्परस्तुतीसाठी वापरला जाणारा संस्कृत तुकडाही उंटाचाच आहे. उंटाच्या लग्नात गाढवे गातात आणि दोघे एकमेकांच्या रूपाचे व आवाजाचे कौतुक करतात, असे ते सुभाषित आहे. संस्कृत न्यायांपैकी उष्ट्रलगुडन्यायात उंटाला त्याच्याच पाठीवरून वाहिलेल्या काठीने मार बसतो. ‘उंटाच्या पाठीवरची शेवटची काडी’ ही शब्दयोजना मात्र इंग्रजीची उसनवारी असून मराठीत ती अजून परकीच वाटते.

सांगलीत उंट हा शब्द ऐकला तर तो बहुधा बुद्धिबळाच्या पटावरचा असतो. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे या शहरात खेळाची भक्कम परंपरा निर्माण झाली. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे या मूळच्या सांगलीच्या. उंट तिरका चालतो आणि ज्या रंगाच्या घरात डाव सुरू होताना असतो त्याच रंगाच्या बत्तीस घरांपुरता राहतो; त्यामुळे दोन्ही उंट हाताशी असणे हा अनुभवी खेळाडू मोठा लाभ मानतात. या मोहऱ्याचे नाव सर्वत्र एक नाही. त्याच्या जुन्या रूपाला अरबीत हत्तीचे नाव होते आणि तो तिरक्या रेषेत दुसऱ्या घरात उडी घेत असे. आजची लांब चाल पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात रूढ झाली. इंग्रजांनी त्याला बिशप, फ्रेंचांनी विदूषक आणि जर्मनांनी धावणारा म्हटले. बंगालीत तो आजही गज आहे. मराठी व हिंदीत हत्ती कोपऱ्यातल्या मोहऱ्याकडे गेला आणि राजा-वजिराशेजारची जागा उंटाला मिळाली. बाजारात मिळणारे मोहरे पाश्चात्त्य घडणीचे, म्हणजे बिशपच्या टोपीचे असतात, तरी सांगलीतली मुले त्यांना निःशंकपणे उंटच म्हणतात.

कृष्णा-वारणा खोऱ्यातील शेतकऱ्याच्या तोंडी उंटअळी असते. ही सोयाबीनची पाने खाणारी हिरवी अळी आहे. शरीराच्या मधल्या भागातील काही पाय नसल्यामुळे ती चालताना पाठीची कमान करते आणि त्या कमानीवरूनच तिला हे नाव पडले. पूर्वेकडील कोरड्या माळांवर, माण, खटाव व जत या तालुक्यांच्या बाजूस, उंटकटारी उगवते. तिलाच काटेचेंडू असेही म्हणतात. पांढुरक्या, काटेरी चेंडूसारखे तिचे फुलोरे लांबून ओळखू येतात. इतर गुरे टाळतात ते काटे उंट आवडीने खातो, ही या नावामागची समजूत आहे. लोकवैद्यकात तिचे मूळ वापरतात.

योगातील उष्ट्रासनात गुडघ्यांवर उभे राहून कंबर मागे वाकवतात व हात टाचांना लावतात. सुश्रुताने भगंदराच्या एका प्रकाराला उष्ट्रग्रीव, म्हणजे उंटाच्या मानेसारखा, असे नाव दिले आहे.

व्यापारात ‘कॅमल’ हे रूपच चालते. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कॅमलिन या उद्योगाची कॅमल शाई आणि रंग यांमुळे महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्या दप्तरात उंटाचे चित्र पोचले. चित्रकारांचा ‘कॅमल हेअर’ ब्रश मात्र उंटाच्या केसांचा नसतो. त्यासाठी खार व इतर प्राण्यांचे केस वापरतात. पहिल्या महायुद्धातील सॉपविथ कॅमल या ब्रिटिश लढाऊ विमानाला मशीनगनवरील फुगीर आवरणामुळे हे नाव मिळाले. संगणकाच्या संकेतलेखनात शब्द जोडून लिहिताना प्रत्येक नव्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे ठेवण्याच्या पद्धतीला, मध्येच उठणाऱ्या या उंचवट्यांवरून, कॅमलकेस म्हणतात. देवनागरीत लहान व मोठ्या अक्षरांचा भेद नसल्यामुळे ती मराठी मजकुरात वापरता येत नाही.