काळजीवाहक, वृद्धांचे (नाशिक)

म्हातारपणी ज्यांना स्वतःचं स्वतः करणं जमत नाही त्यांचं उठणं-बसणं, अंघोळ, जेवण, औषधं बघणारी व्यक्ती, मग ती पगारी असो की घरची. नाशिकमध्ये बोलताना काळजीवाहक कोणी म्हणत नाही, मावशी, केअरटेकर नाहीतर 'पेशंट बघणारी बाई' म्हणतात, ती ब्युरोकडून (घरी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून) येते आणि 12 तासांची ड्युटी करते.

'आया' हा जुना शब्द काहीजण आईशी जोडतात, पण तो पोर्तुगीजमधून आला हे मत जास्त पटण्यासारखं आहे. 'शुश्रूषा' मात्र संस्कृत 'श्रु' धातूवरून, म्हणजे आधी ऐकायची इच्छा, मग आज्ञा पाळणं आणि मग सेवा. चरकसंहितेत (काळ साधारण इ.स.पू. 2रं ते इ.स. 2रं शतक, यावर एकमत नाही) वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे उपचाराचे चार पाय सांगितलेत, आणि परिचारकाचे गुणही चारच: सेवेचं ज्ञान, दक्षता, रोग्यावर माया, स्वच्छता. काहीजण यात वृद्धसेवेच्या प्रशिक्षणाचं मूळ बघतात, पण ते वर्णन कुठल्याही रोग्याच्या परिचारकाचं आहे असं मानणं बरं. तरी ज्ञान आधी आणि माया नंतर हा क्रम बघण्यासारखा आहे, कारण नुसत्या मायेने पाठीवरचे बेडसोर (पडून राहून होणाऱ्या जखमा) थांबत नाहीत. त्यासाठी साधारण दर 2 तासांनी कूस बदलावी लागते, तीही ओढून नाही तर खालच्या दुहेरी चादरीसकट उचलून, कारण घासलं की म्हातारी कातडी सोलते, मग दोन गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी, आणि चादरीला एक सुरकुतीही नको.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात (वय 60 पासून) 'मुलं' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून नाही, आणि घरोघरी सेवा करते मुख्यतः तीच. मुलांनी द्यायची निर्वाहाची रक्कम ठरते, कमाल महिना 10,000 रुपये, पण रात्री उठून केलेल्या कामाची ओळख कुठेच नाही. 2019 च्या दुरुस्ती विधेयकात (त्याचा कायदा झाला नाही) सून-जावई आले, घरपोच सेवेचे निकषही आले, पण सुनेच्या वाट्याला आली ती जबाबदारीच.

पगारींसाठी होम हेल्थ एड, जनरल ड्युटी असिस्टंट असे स्किल कोर्स आहेत, आधीच्या अनुभवावर परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्यायची सोयही आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ (1998) नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे, पण नवी मावशी काम शिकते ती बहुतेक वेळा जुन्या मावशीकडूनच, आणि सून कोणाकडूनच नाही, डिस्चार्जच्या दिवशी सिस्टर घाईत जेवढं दाखवेल तेवढंच.