नव्वदी ओलांडलेले मान्यवर: वयाचा हिशेब कसा लावतात (पार्श्वभूमी)

बाबासाहेब पुरंदरे यांचा जन्म २९ जुलै १९२२ चा आणि मृत्यू १५ नोव्हेंबर २०२१ चा. पूर्ण झालेली वर्षे ९९, चालू वर्ष शंभरावे. जन्म नागपंचमीचा, म्हणून शंभराव्या वर्षातल्या पदार्पणाचा सोहळा १३ ऑगस्ट २०२१ रोजी, त्या वर्षीच्या नागपंचमीला झाला. त्यामुळे एकाच माणसासाठी दोन वाढदिवस आणि दोन वये लिहिली जातात. नव्वदी पार केलेल्यांच्या याद्यांत जी ओढाताण दिसते तिचे मूळ इथे आहे.

चालू वर्ष मोजण्याची रीत जुनी आहे आणि सत्कारापुरती ती योग्यच आहे. यादीत मात्र ती घात करते. जन्मदिवसाच्या अलीकडे मृत्यू आला की फरक जवळजवळ पूर्ण वर्षाचा होतो. भारतरत्न पां. वा. काणे (७ मे १८८० – १८ एप्रिल १९७२) ब्याण्णव पूर्ण व्हायला १९ दिवस असताना गेले. सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख (१० ऑगस्ट १९२६ – ३० जुलै २०२१) पंचाण्णव पूर्ण व्हायला ११ दिवस असताना गेले. पूर्ण वर्षे धरली तर ही वये ९१ आणि ९४. चालू वर्ष धरले तर ९२ आणि ९५. एकाच यादीत दोन्ही पद्धती मिसळल्या की क्रम कोसळतो. चालू वर्ष धरले तर ८९ पूर्ण करून गेलेला माणूसही नव्वदीत शिरतो. म्हणून पूर्ण वर्षेच धरावीत. अनेक संपादक याला कोरडेपणा म्हणतात, पण तुलना करायची तर दुसरा मार्ग नाही.

त्याहून मोठी चूक शालिवाहन शकाचे इंग्रजी वर्षात रूपांतर करताना होते. ‘शके अधिक ७८’ हे सूत्र चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच चालते. १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९ मिळवावे लागतात. दुर्गा भागवत यांचा जन्म १० फेब्रुवारी १९१० चा, म्हणजे शके १८३१. सरसकट ७८ मिळवले तर १९०९ येते आणि ७ मे २००२ रोजीचे वय ९२ ऐवजी ९३ होते. पौषातला जन्म विशेष जपून पाहावा, कारण हा महिना बहुधा दोन्ही इंग्रजी वर्षांत विभागलेला असतो.

पडताळ्यासाठी संवत्सराचे, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचे, नाव उपयोगी पडते. शकात १२ मिळवून ६० ने भागायचे. बाकी उरेल तो प्रभव या पहिल्या संवत्सरापासूनचा क्रमांक, आणि बाकी शून्य आली तर साठावे संवत्सर. काण्यांचे शके १८०२ घेतले तर १८१४ ला ६० ने भागून बाकी १४, म्हणजे विक्रम. जन्मपत्रिकेवर दुसरेच नाव असेल तर शक उतरवताना चूक झाली असे समजावे. आणखी एक अडचण पहाटेच्या जन्माची: पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून रात्री दोनचा जन्म आदल्या वारावर मांडलेला असतो. पत्रिका उत्तरेकडची असेल तर कृष्ण पक्षात महिन्याचे नावही एकाने पुढचे असते.

मैहरचे सरोदवादक अल्लाउद्दीन खाँ (मृत्यू ६ सप्टेंबर १९७२) यांच्याबाबत प्रश्न एका वर्षाचा राहत नाही. जन्मवर्ष कुणी १८६२ देतात, कुणी १८८१. पहिले मानले तर ते शंभरी ओलांडून गेले, दुसरे मानले तर जेमतेम नव्वदीला पोहोचले. त्यांचा मुलगा अली अकबर १९२२ मध्ये जन्मला, मुलगी अन्नपूर्णा १९२७ मध्ये. दोन्ही मतांत हे बसते, त्यामुळे त्याने निकाल लागत नाही. अशा नावापुढे दोन्ही वर्षे छापावीत, सरासरी कधीच काढू नये.

कागदपत्रांचा इतिहास थोडक्यात असा. १८८६ च्या कायद्याने जन्मनोंद ऐच्छिक होती. खेड्यात भरवशाची नोंद म्हणजे कोतवाल बुक, गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, गाव नमुना १४. जुनी पाने मोडी लिपीत, आणि बहुतेकदा मुलाचे नाव नाहीच, फक्त बापाचे नाव व ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. भावंडांची गल्लत इथेच होते. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली १ जून ही तारीख तर संशयानेच पाहावी, कारण दाखल्यासाठी वय बसवताना गुरुजी ती सर्रास टाकत. जनगणनेत वृद्धांची वये ० आणि ५ वर गोळा होतात, म्हणून तिथले ‘९०’ हे एकट्याने पुरावा ठरत नाही.

सक्तीची नोंद १९६९ च्या कायद्याने आली, अंमल १ एप्रिल १९७० पासून. २०२३ च्या दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा ठरला. आज नव्वदीत असलेल्यांना यातले काहीच लागू नाही. त्यांच्यासाठी पत्रिका, कोतवाल बुक आणि शाळेचे रजिस्टर ही तिन्ही शेजारी ठेवून, ज्या दोन नोंदी एकमेकींवरून उतरवलेल्या नाहीत त्या जुळतात का हेच पाहावे लागते.