हिरड्याच्या पाण्यातले झबले

संक्रांतीला आठ-दहा दिवस उरले की पुण्यात लक्ष्मी रोडच्या दुकानांवर छोटी काळी झबली लटकू लागतात. बाळाची पहिली संक्रांत, हलव्याचे दागिने, बोरन्हाण. एरवी वर्षभर बाळाच्या अंगाला काळे लागू न देणारी घरे त्या दिवसासाठी मुद्दाम काळे शोधतात. अलीकडे ते झबले हातात घेऊन "हा रंग कशाचा आहे?" असे विचारणारे आईबापही भेटतात. प्रश्न नवा वाटतो. पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी तो कुणाला पडलाच नसता, कारण रंग झाडापासून, मातीपासून किंवा लाखेच्या किड्यापासूनच येत होता.

या काळ्यापासूनच सुरुवात करू, कारण त्याचा कच्चा माल पुणे जिल्ह्यातलाच आहे. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या रानात, महादेव कोळी कुटुंबे हिरडा गोळा करतात. त्यातला बाळहिरडा आयुर्वेदाच्या औषधांत जातो, मोठा हिरडा कातडी कमावायला आणि कापड रंगवायला. त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते आणि टॅनिन लोखंडाला भेटले की काळे पडते. आवळा विळीवर चिरला की पाते काळे होते, तीच ही क्रिया. रंगारी गंजके लोखंड, गूळ आणि पाणी मडक्यात घालून दोन-तीन आठवडे आंबवतात. हिरड्यात भिजवून वाळवलेले सुती कापड मळकट पिवळे दिसते. ते या लोखंडी पाण्यात बुडवले की डोळ्यांदेखत राखाडी होते, आणि पुन्हा एकदा हिरडा, पुन्हा लोखंड असे केले की काळे. मात्र लोखंडाचा अंश कापडाचा धागा हळूहळू कुरतडतो. जुन्या छापील कापडांत काळी रेघ आधी विरते ती याचमुळे. वर्षात एकदाच अंगावर चढणाऱ्या झबल्याला ते चालून जाते.

सुती कापड रंगवणे मुळात अवघड. लोकर आणि रेशीम रंग चटकन धरतात, कापूस धरत नाही. त्याला आधी खळ काढून उकळावे लागते, मग हिरड्यासारखे टॅनिन, मग तुरटी, आणि त्यानंतर रंग. रंग आणि धागा यांना जोडणाऱ्या तुरटीसारख्या पदार्थाला रंगबंधक म्हणतात. ही युक्ती भारतीय उपखंडाला फार पूर्वी साधली होती. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेले सुती कापडाचे तुकडे सापडले. चार हजार वर्षांहून जुन्या त्या कापडावर मंजिष्ठेच्या जातीतला लाल रंग होता. तो कापसावर टिकला, म्हणजे रंगबंधक वापरण्याचे ज्ञान तेव्हाही होते.

दख्खनमध्ये लाल रंगाच्या दोन वाटा होत्या. एक सह्याद्रीत वेलीसारखी पसरणारी मंजिष्ठा, दुसरी आल, म्हणजे बारतोंडीच्या झाडाचे मूळ. दोन्हींना तुरटी लागते आणि पाण्यात थोडा चुन्याचा अंश असला तर रंग खुलतो. आडाचे जड पाणी या रंगाला मानवते; आरओच्या पाण्यात तीच मंजिष्ठा मलूल होते. आच फार झाली तर लाल जाऊन तपकिरी उरतो. निळ्यासाठी नीळ होती, तिची रीतच निराळी. नीळ पाण्यात विरघळत नाही. चुना, गूळ आणि काही ठिकाणी टाकळ्याचे बी घालून ती आंबवावी लागते. कापड माठातून बाहेर येते तेव्हा हिरवट पिवळे असते आणि वारा लागला की निळे होत जाते. तपकिरीसाठी खैराचा कात होता; तो काढणाऱ्यांना कातकरी हे नावच पडले.

आणि कुसुंबा. करडईच्या पाकळ्यांचा पिवळा रंग आधी पाण्याने धुऊन टाकायचा, मग खारात लाल सोडवायचा, मग लिंबाच्या आंबटाने तो कापडावर बसवायचा. एवढ्या खटपटीनंतर मिळणारा गुलाबी-लाल इतका देखणा, पण साबणाला आणि उन्हाला न टिकणारा. कुसुंबी पागोटे म्हणूनच पुन्हा पुन्हा रंगवून घ्यावे लागे. मला या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. रंगारी कापड एकदा रंगवून मोकळा होत नव्हता, गिऱ्हाईक तेच कापड घेऊन परत येत असे. कापड टिके, रंग येत-जात राहत. कच्चा रंग आणि पक्का रंग असा फरक सगळ्यांना माहीत होता, आणि कच्चा म्हणजे फसवणूक असे कुणी मानत नव्हते.

पुण्यासारख्या शहरात रंगारी, निळारी, भावसार अशा समाजांचा हा पिढीजात धंदा होता. त्याची खूण अजून गणेशोत्सवात ऐकू येते. बुधवार पेठेतल्या भाऊसाहेब रंगारी गणपतीचे भाऊसाहेब मूळचे जावळे, पेशाने वैद्य. घराण्याच्या शालू रंगवण्याच्या व्यवसायामुळे त्यांना रंगारी हे नाव मिळाले. झाडपाला ओळखणारा वैद्य आणि झाडपाल्याने रंगवणारा रंगारी एका घरात असावेत याचे मला नवल वाटत नाही. हिरडा, मंजिष्ठ, हळद आजही मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातच मिळतात.

हे सगळे मोडले ते पन्नासेक वर्षांत. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला क्विनीन बनवताना चुकून जांभळा कृत्रिम रंग सापडला. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीतले अलिझरिन हे लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार केले, आणि थोड्याच वर्षांत मुळांची शेती बसली. १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली. पुडी फोडा, पाण्यात टाका, तासाभरात कापड तयार. आठ दिवसांच्या खटपटीने त्याच्याशी झुंजायचे कसे? १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, लोक देशी कापडाकडे वळले, पण ते रंगवणारी पुडी पुष्कळदा जर्मनीचीच होती. १९१४ साली महायुद्ध सुरू होऊन जर्मन माल अडला, तेव्हा हे परावलंबन सगळ्यांना दिसले.

पुढचा धागाही पुण्यातलाच. १९५० साली पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली, आणि १९५७ मध्ये के. वेंकटरामन तिचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रातले ते जगन्मान्य नाव. त्याच प्रयोगशाळेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखेच्या लाल रंगाची रेणूरचनाही उलगडली.

लहान मुलांचा प्रश्न आला तो १९९० च्या दशकात. ॲझो या गटातले काही कृत्रिम रंग विघटन पावले की त्यांतून ॲमाइन नावाची कर्करोगकारक रसायने सुटू शकतात, हे लक्षात आल्यावर जर्मनीने त्यांच्यावर बंदी आणली. भारतानेही १९९३ मध्ये बेंझिडीन या अशाच एका ॲमाइनपासून बनणारे ४२ आणि १९९७ मध्ये आणखी ७० रंग बंद केले, एकूण ११२. ओको-टेक्स हे १९९२ पासूनचे युरोपीय मानक तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना सर्वांत कडक निकष लावते. रंग लाळेने सुटतो का, हेही त्यात तपासतात. बाही चोखणारे बाळ ज्याने पाहिले आहे त्याला याचे कारण समजवावे लागत नाही. याचा अर्थ प्रत्येक कृत्रिम रंग वाईट असा होत नाही. आणि झाडाचा प्रत्येक रंग निर्धोक असाही नाही. रंग डाळिंबाचा असला तरी तो बसवायला मोरचूद किंवा क्रोमचे क्षार वापरले असतील, तर ते बाळाच्या अंगाला नको. म्हणून दुकानात "नैसर्गिक आहे का?" एवढेच विचारून भागत नाही. "कशाने बसवला?" हे विचारावे. तुरटी आणि हिरडा असे उत्तर आले तर निश्चिंत मनाने घ्यावे.

आपल्याकडे बाळाचे पहिले अंगडे-टोपडे नव्या कापडाचे नसायचेच. आजीचे धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे किंवा धोतर फाडून ते शिवत. उरलेल्याची गोधडी होई. आज त्याला शाश्वत वस्त्र म्हणतात.

भाचीच्या बारशाला मी स्वतः हळदीत रंगवलेले दुपटे दिले होते. पहिल्याच धुण्यात साबण लागला आणि त्यावर लाल डाग उठले. बहीण घाबरली, तिला वाटले बाळाला काही लागले. हळद खाराला लाल होते, जुन्या पद्धतीचे कुंकू याच गुणावर बनते, हे मला पाठ होते. साबणही खारच, एवढे सुचले नव्हते. पाण्याने धुतल्यावर डाग गेले, पण चार दिवस गच्चीवर वाळत घातल्यावर पिवळाही गेला. पुढे धाकट्याच्या वेळी तेच दुपटे परत आले. शंभर ग्रॅम कापडाला वीस ग्रॅम हिरडापूड, सावलीत वाळवणे, मग पंधरा ग्रॅम तुरटी, आणि ज्यूसवाल्याकडून आणलेल्या डाळिंबाच्या साली तासभर मंद आचेवर. रंग पिवळसर मेंदीसारखा उतरला. रिठ्याच्या पाण्यात धुतात, सावलीत वाळवतात, आणि कोपरे चोखून चोखून आता थोडे फिके झाले आहेत.