पंकने प्रोग संपवलं? १९७७ कडे बघा

सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाता खाता इंदूरची आपली रॉकवेडी मंडळी हमखास ऐकवतात: १९७७ साली पंक (साधं, रांगडं, झटपट रॉक) आलं आणि प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजेच प्रोग (लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक), संपलं. साफ चूक. त्याच सालच्या जानेवारीत आलेला पिंक फ्लॉइड या प्रोग बँडचा ‘ॲनिमल्स’ हा अल्बम ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. पुढे येस या बँडचा ‘गोइंग फॉर द वन’ तर चक्क पहिला! त्यातलं ‘अवेकन’ हे गाणं पंधरा मिनिटांचं, स्वित्झर्लंडमधल्या वेव्हेच्या चर्चमधला ऑर्गन घेऊन. वाजवणारा रिक वेकमन, नुकताच बँडमध्ये परतलेला. जेथ्रो टलचा ‘साँग्ज फ्रॉम द वुड’ आणि रशचा ‘अ फेअरवेल टू किंग्ज’ (माझा लाडका) याच सालचे. पिंक फ्लॉइडचा तिटकारा मिरवणारा पंक गायक जॉनी रॉटनचा टी-शर्ट तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहिला. प्रोग ओसरलं खरं, पण पडझड जुनी: किंग क्रिमसन हा प्रोग बँड १९७४ मध्येच मोडला होता.